पुस्तकालाच एसटीत बसवा!

सकाळची एसटी. निमगाव केतकीच्या स्टॉपवर माझी एक मैत्रीण पाठीला सॅक अडकवून उभी. एमपीएससीची तयारी चालूये. गावच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्या आहेत, रोजचे पेपर आहेत; पण हिला हवंय अर्थशास्त्राचं जाडजूड, महागडं पुस्तक. ते शहरातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत असल्याचं कळलं म्हणून गेली, तर उत्तर आलं, "बाळा, तू आमची विद्यार्थिनी नाहीस." नियमानं बरोबरच. पण पुस्तक कपाटात राहिलं आणि ही हात हलवत परत आली. "घरचे म्हणतात, हा शेवटचा अटेम्प्ट," ती म्हणाली.

आपल्या भागात ग्रंथालयं कमी आहेत का? बारामतीत 1962 पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, 1972 पासून विद्या प्रतिष्ठान. शारदानगरला कृषी महाविद्यालय, इंदापुरात कॉलेज. शाळांची कपाटं वेगळीच. शिवाय 1967 च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणारी 'अ' ते 'ड' वर्गाची सार्वजनिक वाचनालयं. अडचण एवढीच, की एकाकडे काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसतं.

यावर उपाय जुनाच आहे. 1988 मध्ये दिल्लीत 'डेलनेट' सुरू झालं. त्यातली ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं उसनी देतात. 1991 मध्ये पुण्याच्या 'आयुका'अंतर्गत 'इन्फ्लिबनेट' प्रकल्प उभा राहिला. आज त्याच्या 'एन-लिस्ट'मधून सदस्य कॉलेजांना हजारो ई-जर्नल्स मिळतात. पण हे सगळं कॉलेजच्या गेटच्या आत. गेटबाहेरच्यांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं वाट दाखवली. विनायक रानडे यांनी 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. वाचकानं पुस्तकाकडे जायचं नाही, पुस्तकच त्याच्याकडे येतं.

हे इथं जमेल? ग्रंथपालांची भीती खरी आहे: पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण? वार्षिक मोजणीत उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणून पुस्तक थेट मुलाच्या हातात न देता वाचनालयाच्या नावावर द्यायचं. हरवलं तर भरपाई वाचनालयाची; मुलाला ते ओळखतंच, घरही माहीत असतं. बदल्यात कॉलेजला काय? गावाकडची जुनी मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक. कृषी ग्रंथालयातली डाळिंब-द्राक्षावरची पुस्तकं गावात आली, तर आपले बापूच आधी नंबर लावतील!

सुरुवात साधी: सगळ्यांची एक सामाईक यादी. 'कोहा'सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तेही नको असेल तर एक्सेल शीट पुरे. एनएसएसच्या पोरांनी चार शनिवार दिले, तर एका छोट्या वाचनालयाची यादी सहज मार्गी लागेल.

बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. दरवर्षी तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते आणि प्रत्येक गाव तिच्यासाठी दार उघडतं. त्याच वाटेनं महिन्यातून एकदा पुस्तकांची एक पेटी जायला काय हरकत आहे?

आज गावच्या वाचनालयात जा आणि फक्त विचारा, "यादी करायला येऊ का?" माझ्या मैत्रिणीच्या हातात वेळ थोडा आहे. तिच्यामागं रांगेत अजून बरेच जण आहेत.