तिबेटी योग आणि ध्यान : प्रचलित समज आणि वस्तुस्थिती

'तिबेटी योग' नावाची एकच एक पद्धत नाही. तिबेटच्या बौद्ध संप्रदायांत आणि बोन या तिथल्या जुन्या धर्मपरंपरेत शरीर, श्वास आणि मन यांना एकत्र वळण लावणाऱ्या अनेक साधना आहेत. त्यांतल्या हालचालींच्या साधनेला 'त्रुल-खोर' म्हणतात; तिचा संस्कृत प्रतिशब्द 'यंत्र' असा दिला जातो. 'लु-जोंग' म्हणजे देहाला वळण लावणे. 'कुम-न्ये' या नावातच मर्दनाचा, म्हणजे अंग चोळण्याचा अर्थ आहे. सावकाश हालचाली, दाब आणि श्वास यांनी ताण सैल करण्यावर तिचा भर असतो. या साधना तिबेटबाहेर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचल्या त्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत. नामखाई नोर्बू (१९३८–२०१८) हे पूर्व तिबेटात जन्मलेले आचार्य १९६० मध्ये इटलीला गेले, नेपल्सच्या विद्यापीठात तिबेटी भाषा शिकवू लागले आणि पुढे त्यांनी 'यंत्र योग' शिकवायला सुरुवात केली. वाराणसीच्या संस्कृत विद्यापीठात काही वर्षे अध्यापन केलेले तार्थांग तुल्कू अमेरिकेत बर्कलीला स्थायिक झाले. कुम-न्येवरचे त्यांचे दोन भागांचे पुस्तक १९७८ मध्ये निघाले.

भारतीय वाचकाचा पहिला समज असा असतो, की हा आपलाच हठयोग आहे, फक्त नाव बदलून हिमालयापलीकडे गेलेला. यात अर्धेच तथ्य आहे. तिबेटी साधनेतली 'चा' म्हणजे नाडी, 'लुंग' म्हणजे वायू आणि 'थिग्ले' म्हणजे बिंदू. इडा, पिंगला, सुषुम्ना या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून परिचित झालेल्या त्रयीच्या जागी तिथे ललना, रसना आणि अवधूती या नाड्या येतात. श्वास नाभीखाली घटासारखा भरून धरण्याच्या क्रियेचे तिबेटी नावही कलशावरूनच पडले आहे. कुंभकाचीच ती बहीण. शिवाय वज्रयान या तांत्रिक बौद्ध मार्गाच्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत मीन आणि गोरक्ष ही नाथपंथातली नावेही आहेत. पण देवघेव एकाच दिशेने झालेली नाही. महामुद्रा, महाबंध आणि महावेध या हठयोगातल्या प्रसिद्ध क्रिया सांगणारा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे अकराव्या शतकातला 'अमृतसिद्धी', आणि तो वज्रयानी वर्तुळात रचला गेला, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. नाथपंथ आणि तिबेटी सिद्धपरंपरा ही एकाच मुळाची दोन खोडे आहेत, असे म्हणणे त्यामुळे अधिक बरोबर ठरेल. प्रत्यक्ष सरावात मात्र फरक जाणवतो. त्रुल-खोरमध्ये आसनात दीर्घकाळ स्थिर राहण्यापेक्षा हालचालीच्या ओघाला महत्त्व असते आणि श्वास कुठे घ्यायचा, कुठे रोखायचा, कुठे सोडायचा हे प्रत्येक हालचालीला बांधून दिलेले असते.

दुसरा समज 'पाच तिबेटी व्यायामां'चा. जागच्या जागी गोल फिरणे, पाय उचलणे, पाठ मागे वाकवणे अशा पाच क्रिया रोज एकवीस वेळा केल्या की तारुण्य परत येते, असे सांगितले जाते. या क्रियांचा उगम म्हणून दाखवता येते ते पुस्तक तिबेटी नाही, अमेरिकन आहे. पीटर केल्डर या लेखकाने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या पुस्तिकेत एक निवृत्त ब्रिटिश कर्नल हिमालयातल्या मठातून हे रहस्य घेऊन आला, अशी कथा आहे. त्या मठाचा पत्ता लागलेला नाही आणि या पाच क्रियांना आधार देणारा तिबेटी ग्रंथही कुणी पुढे आणलेला नाही. व्यायाम म्हणून त्या कुणाला मानवत असतील तर करायला हरकत नाही. पण तिबेटी परंपरा शिकायची इच्छा असणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. तिबेटच्या नावावर असे बरेच काही खपले आहे. १९५६ मध्ये गाजलेल्या 'द थर्ड आय' या पुस्तकाचा लेखक लोबसांग राम्पा तिबेटी लामा नसून सिरिल हॉस्किन नावाचा इंग्रज होता, हे दोनच वर्षांत उघड झाले.

ध्यानवर्गांत वाजणाऱ्या धातूच्या वाट्यांची गोष्ट याच जातीची आहे. 'तिबेटी सिंगिंग बोल' हे नाव आता दुकानादुकानांत दिसते. तिबेटी पूजाविधीतली वाद्ये मात्र वेगळी आहेत : घंटा, डमरू, लांबलचक तुताऱ्या, सनईच्या जातीचे ग्यालिंग आणि दोरीने जोडलेल्या छोट्या जाड झांजा. वाटीच्या काठावरून लाकडी दांडा फिरवून नाद काढण्याची आणि त्या नादात विश्रांती घेण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत रुजली. तो नाद कानाला गोड लागतो आणि त्याने शांत वाटते, हे खरे आहे. तिबेटी मठात मात्र ध्यान वाट्या वाजवून शिकवले जात नाही.

काही गोष्टी अस्सल तिबेटी आहेत, पण भलत्याच टोकाकडून पाहिल्या जातात. बर्फात उघड्या अंगाने बसून ओल्या चादरी वाळवणारे योगी हे त्याचे ठळक उदाहरण. ही 'तुम्मो' साधना, संस्कृतात चंडाली. नारोपा या भारतीय सिद्धाच्या षड्योगांतली ती पहिली आणि मिलारेपा या तिबेटी योग्याच्या चरित्रामुळे घरोघर माहीत झालेली. तिची मोजणीही झाली आहे. हर्बर्ट बेन्सन यांच्या चमूने धरमशाळेजवळ तीन साधकांची तपासणी केली; १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढले. २०१३ मध्ये मारिया कोझेव्हनिकोव्ह आणि सहकाऱ्यांनी पूर्व तिबेटातल्या साधकांमध्ये शरीराच्या आतले तापमान ३८.३ अंशांपर्यंत चढल्याचे नोंदवले आणि त्यात जोरकस कुंभकाचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. चमत्कार म्हणून सांगितली जाणारी गोष्ट अशी शरीरक्रियेच्या चौकटीत बसते. परंतु परंपरेच्या दृष्टीने उष्णता हे तुम्मोचे साध्य नाहीच, ते वाटेवरचे एक लक्षण आहे. ही साधना प्राथमिक तयारी आणि दीक्षा झाल्यानंतर, बहुधा एकांतवासात दिली जाते. मन शांत करण्यासाठी आलेल्या नवशिक्याने ध्वनिफीत ऐकून जोरकस कुंभक करणे चुकीचे आहे. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल तर ते धोक्याचे आहे.

सर्वांत चिवट समज ध्यानाविषयी आहे : ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, विचार बंद पाडणे. पंधरा मिनिटे बसूनही विचार थांबले नाहीत म्हणून 'हे आपल्याला जमणार नाही' असे ठरवून उठणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि ती हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे, कारण त्यांना सुरुवातीलाच चुकीचे माप दिलेले असते. तिबेटी भाषेत ध्यानाला 'गोम' म्हणतात. त्याचा अर्थ परिचय वाढवणे, सवय लावणे. संस्कृतातल्या 'भावना' या शब्दाचे ते भाषांतर. औषधाला रसाची भावना देतात, तीच ही भावना : पुन्हा पुन्हा दिलेला पुट.

विचार बंद करणे म्हणजेच ध्यान का, हा वाद तिबेटात बाराशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस साम्ये विहारात चीनमधून आलेले आचार्य मोहेयान 'कसलाही विचार न करणे' हाच मार्ग सांगत होते. त्यांच्यासमोर भारतातून कमलशील उभे राहिले. विचार नुसता थांबवून शहाणपण येत नाही, चित्त स्थिर करून मग नीट पाहावे लागते, अशी त्यांची बाजू होती. तिबेटी परंपरेनुसार कमलशीलांचा जय झाला. त्यांच्या 'भावनाक्रम' या ग्रंथात शमथ (चित्त स्थिर करणे) आणि विपश्यना (नीट पाहणे) ही ध्यानाची दोन अंगे क्रमाने मांडली आहेत. (इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकवली जाणारी विपश्यना ब्रह्मदेशातल्या थेरवादी परंपरेतून आलेली आहे. शब्द एकच असला तरी तिबेटी पद्धतीत मंत्र, मनात उभी केलेली प्रतिमा आणि तर्कशुद्ध चिंतन यांनाही जागा असते, आणि डोळे पुष्कळदा अर्धवट उघडे ठेवले जातात.)

शमथाच्या नऊ पायऱ्या दाखवणारे एक चित्र तिबेटी मठांच्या भिंतींवर आढळते. ते नीट पाहिले तर नवशिक्याचे निम्मे दडपण उतरेल. वळणावळणाच्या वाटेवर एक भिक्षू हत्तीमागे धावतो आहे. हत्ती म्हणजे चित्त, आणि सुरुवातीला तो पूर्ण काळा आहे. त्याला ओढून नेणारे माकड म्हणजे चंचलता. भिक्षूच्या एका हातात दोर आहे, तो स्मृतीचा; दुसऱ्या हातातला अंकुश सावध देखरेखीचा. पुढे कुठेतरी हत्तीच्या पाठीवर ससा येऊन बसतो. हा ससा म्हणजे सूक्ष्म मरगळ : मन शांत झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ते पेंगत असते. वाटेत हत्ती डोक्यापासून हळूहळू पांढरा होत जातो, माकड मागे पडते, आणि वाटेच्या कडेच्या ज्वाळा, ज्या लागणाऱ्या प्रयत्नाच्या खुणा आहेत, लहान होत होत दिसेनाशा होतात. म्हणजे भरकटणे हे अपयश नाही, ती पहिली पायरी आहे. भरकटल्याचे लक्षात येणे आणि परत येणे, एवढेच तिथले काम. आणि दोष एक नसून दोन आहेत, औद्धत्य आणि लय, म्हणजे उसळणे आणि बुडणे. विश्रांतीसाठी ध्यान करणारा पहिल्यापासून सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो, कारण गुंगीलाच तो शांती समजतो.

भावनिक समतोल म्हणजे काहीच न वाटणे, हाही तितकाच खोल रुजलेला समज. इथे मराठी भाषाच थोडी फसवते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही चार भावनांची शिकवण बौद्ध ग्रंथांत आहे, तशी पतंजलीच्या योगसूत्रांतही आहे. मराठीत 'उपेक्षा' म्हटले की हेळसांड डोळ्यांपुढे येते. शास्त्रातली उपेक्षा म्हणजे समदृष्टी : आवडता, नावडता आणि अनोळखी या तिघांकडे पाहताना मनाचा तोल न जाणे. एकोणिसाव्या शतकातले आचार्य पात्रुल रिनपोछे यांच्या ग्रंथात तर चौघींतली पहिली म्हणून तिचाच अभ्यास सांगितला आहे, कारण ती नसेल तर मैत्री आपल्या माणसांपुरती उरते. तिबेटी परंपरेतल्या शब्दसंग्रहात आजच्या अर्थाने 'भावना' म्हणावे असा नेमका एक शब्द नाही. आहे तो 'न्योनमोंग', म्हणजे क्लेश, मन गढूळ करणारे विकार. राग, आसक्ती, मत्सर त्यात येतात. माया, करुणा, दुसऱ्याच्या भल्याचा आनंद त्यात येत नाहीत. त्या वाढवायच्या असतात. अतीशांच्या (९८२–१०५४) शिष्यपरंपरेतून आलेल्या 'लोजोंग' या मनःशिक्षणात तर श्वासाबरोबर दुसऱ्याचे दुःख आत घेण्याची आणि आपले सुख त्याला देण्याची कल्पना करायला शिकवतात. भावना गोठवणारी माणसे हे करू शकणार नाहीत.

हा धागा आधुनिक मानसशास्त्राशीही जोडला गेला आहे. २००० मध्ये धरमशाळेत दलाई लामा आणि शास्त्रज्ञ यांच्यात विघातक भावनांवर चर्चा झाली. तिच्यातून मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि बौद्ध अभ्यासक ॲलन वॉलेस यांनी भावनिक समतोलाचा अभ्यासक्रम तयार केला. ८२ शिक्षिकांवर आठ आठवडे, एकूण ४२ तास, तो करून पाहण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चिंता, उदासी आणि तेच ते मनात घोळवणे कमी झाल्याचे दिसले.

मग औषधाची गरज उरत नाही का? उरते. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा, ३,५१५ व्यक्तींचा एकत्रित आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा असलेली सुधारणा आढळली. औषधे किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही. तिबेटी योगाच्या चाचण्या थोड्या आहेत. २००४ मध्ये ३९ लिम्फोमा रुग्णांना सात आठवड्यांचे वर्ग दिल्यावर झोप सुधारली, पण चिंता, नैराश्य आणि थकवा यांत लक्षणीय फरक पडला नाही. २०१८ मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या २२७ स्त्रियांच्या अभ्यासात एकूण गटाला टिकाऊ फायदा झाला नाही. आठवड्यातून किमान दोनदा सराव करत राहिलेल्यांची झोप मात्र बरी होती. मेंदूतल्या विलक्षण लहरींची जी चित्रे फिरतात, ती २००४ मध्ये अभ्यासलेल्या आठ साधकांची आहेत, आणि त्यांच्या गाठीशी प्रत्येकी दहा ते पन्नास हजार तासांचे ध्यान होते.

या साधनांसाठी बौद्ध व्हावे लागते का, हा प्रश्न नेहमी येतो. बसण्याची ढब, श्वासाकडे लक्ष, शमथ, मैत्रीचे चिंतन आणि सांधे सैल करणाऱ्या सोप्या हालचाली धर्मनिरपेक्ष वर्गांत शिकवल्या जातात, त्यासाठी धर्मांतर लागत नाही. मात्र परंपरेत सरावाच्या आरंभी शरणगमन (बुद्ध, धर्म, संघ यांना शरण जाणे) आणि बोधिचित्त (सर्वांच्या भल्यासाठी बोधीचा संकल्प), शेवटी पुण्यदान असतेच. ते गाळून शिकवताना काय गाळले हे शिक्षकाने सांगायला हवे. नाडी-वायूच्या वरच्या साधना आजही सहसा दीक्षेशिवाय दिल्या जात नाहीत, अनेकदा तीन वर्षे, तीन महिने आणि तीन दिवसांच्या एकांतवासात त्या शिकवल्या जातात.

ध्यानाने कुणाचे नुकसान होत नाही, हा समज तिबेटी वैद्यकानेच कधी मान्य केला नाही. सोवा रिग्पा या वैद्यकात वायू, पित्त आणि कफ यांसारखेच तीन दोष मानतात. अतिताणाने केलेल्या ध्यानातून वायू बिघडतो, हे तिथे ओळखीचे दुखणे आहे. छातीत दडपण, झोप उडणे, चिडचिड, उगाच रडू येणे ही त्याची लक्षणे. २०२० मध्ये झालेल्या एका आढाव्यातही ध्यानाच्या अभ्यासांमध्ये सुमारे ८ टक्के व्यक्तींना काही ना काही त्रास झाल्याचे आढळले. ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य, मनोविकृतीचा झटका किंवा मोठा मानसिक आघात झाला आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना विचारूनच शिबिराला जावे. बिघडलेल्या वायूवर तिबेटी वैद्य गरम, स्निग्ध आणि पौष्टिक अन्न, अंगाला तेल, पुरेशी झोप, आवडत्या माणसांची सोबत आणि दूरवर नजर जाईल अशी मोकळी जागा सांगतात, आणि तोवर ध्यान बंद ठेवायला सांगतात.