महामंडळ, कारखाना आणि खातेदार

कोणताही मोठा उद्योग एकट्या मालकाचा नसतो. भांडवल घालणारे भागधारक, कर्ज देणारी बँक, राबणारे कामगार, माल पुरविणारे व घेणारे व्यापारी, शेजारीं राहणारे लोक, कर घेणारें सरकार, आणि ज्यांच्या जमिनीवर उद्योग उभा राहतो ते खातेदार, इतक्या सर्वांचें हित त्यांत गुंतलेलें असतें. या मंडळींस 'हितसंबंधी' म्हणतात. या प्रत्येकाशीं मोठी संस्था कशी वागते, आणि खातेदाराचें स्थान त्यांत कोठें आहे, हें आपल्या शेतकरी बंधूंस समजावें म्हणून हा लेख लिहिला आहे. आमची सारी नोकरी सातबारा, फेरफार व भूसंपादनाच्या नोटिसा यांतच गेली. तेव्हां जें सांगतों तें बहुतेक डोळ्यांदेखत घडलेलें आहे.

उदाहरणास दूर जाण्याचें कारण नाहीं. १९६१ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजीं आपल्या ठाण्यांतच, वागळे इस्टेटींत, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितींत झाली. पुढें डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड व ठाणें-बेलापूर पट्टा येथें वसाहती झाल्या. आज जेथें धुराडीं दिसतात तेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं. या महामंडळास नफा वाटून घेणारे भागधारक नाहींत. तरी हितसंबंधी मात्र पुष्कळ आहेत.

त्यांच्याशीं महामंडळाचें वागणें कसें असतें तें पाहा. कारखानदारास भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें मिळतो. त्याला पाणी, रस्ता, परवानगी या गोष्टी वरचेवर लागतात आणि महामंडळास त्याच्याकडून आकार यावयाचा असतो. त्यामुळें उभयतांचें बोलणें कधीं तुटत नाहीं. शिवाय कारखानदारांच्या संघटना आहेत. नगरपालिका व महानगरपालिका महामंडळाचें पाणी घेतात. त्यांचा हिशेब दर महिन्यास होतो. कामगारांचा संबंध कारखान्याशीं असतो. त्यांच्या पाठीशीं कामगार कायदे व युनियन असते. खातेदाराचें मात्र तसें नाहीं. त्याच्याशीं संस्थेचा व्यवहार एकदांच होतो, तो जमीन घेतांना. ताबा गेला, पैसे मिळाले, कीं पुन्हा त्याच्या दारीं येण्याचें संस्थेस कारण उरत नाहीं. ज्याची गरज चालू असते त्याला विचारलें जातें. ज्याची गरज संपली त्याला कोणी विचारीत नाहीं. यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं, व्यवहाराचा स्वभावच तसा आहे. म्हणून खातेदारानें जें बोलावयाचें तें ताबा देण्यापूर्वींच बोललें पाहिजे.

याची साक्ष बारवी धरण देतें. बदलापूरजवळचें हें धरण महामंडळानें बांधलें असून त्याचें पाणी उल्हास नदींत सोडून जांभूळ येथें उचलतात. कारखान्यांबरोबर ठाणें, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर व नवी मुंबई या शहरांसही तें पुरवितात. धरणाची उंची वाढवावयाची ठरली तेव्हां मुरबाड तालुक्यांतील गांवें व पाडे पाण्याखालीं जाणार होते. लोक उठल्यावांचून पाणी अडवितां येईना. तेथील लोकांनीं हें ओळखून पुनर्वसन व नोकरीची मागणी धरून ठेवली. शेवटीं बाधित कुटुंबांच्या वारसांस महामंडळांत व पाणी घेणाऱ्या महानगरपालिकांत नोकऱ्या देण्याचें ठरलें. शहरांची तहान आणि गांवाची जमीन यांचा संबंध कागदावर आला, हें त्या एकजुटीचें फळ होय.

दुसरें उदाहरण नवी मुंबईचें. तें शहर वसविण्यासाठीं १९७० सालीं सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली व ठाणें आणि तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. मोबदला अपुरा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें जासई भागांत आंदोलन झालें. गोळीबारांत पांच शेतकरी बळी पडले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदारांस देण्याची योजना झाली. एकरकमी पैसा हातांतून निघून जातो. भूखंडामुळें मात्र शहराच्या वाढीचा कांहीं वांटा मूळ धन्याकडे राहतो. पण हें शहाणपण केवढ्या मोलानें आलें तें विसरतां कामा नये.

आतां शेजाऱ्यांचा विचार. २६ मे २०१६ रोजीं डोंबिवलीच्या एका रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन बारा माणसें मेलीं. २३ मे २०२४ रोजीं तेथेंच दुसऱ्या कारखान्यांत पुन्हा स्फोट होऊन प्राणहानि झाली. कारखान्यांस खेटून घरें उठलीं आणि दोहोंमध्यें मोकळें अंतर राहिलें नाहीं, हें दोन्ही वेळां दिसून आलें. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणास धोका असणाऱ्या ठराविक मोठ्या प्रकल्पांस मंजुरीपूर्वीं जाहीर जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान तीस दिवस आधीं वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत उपलब्ध असावा लागतो. मात्र प्रत्येक कारखान्यास ही सुनावणी लागत नाहीं. अधिसूचित वसाहतींत पुष्कळदां सूट असते. म्हणून वसाहतीची आखणी होत असतांनाच गांवानें जागें असावें.

खासगी कंपन्यांविषयीं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो कीं, संचालकांनीं भागधारकांबरोबर कामगार, समाज व पर्यावरण यांचेंही हित पाहावें. पांचशें कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ), हजार कोटींची उलाढाल किंवा पांच कोटींचा निव्वळ नफा यांपैकीं एकही गोष्ट असलेल्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावयाचे असतात. शाळा, दवाखाना, पाणी अशा कामांसाठीं ग्रामपंचायतीनें ठराव व अंदाजपत्रक जोडून मागणी करावी. परंतु शाळेची एक खोली मिळाली म्हणून ओढ्यांत सोडलेल्या घाण पाण्याची तक्रार सोडूं नये. पहिली कंपनीची सामाजिक जबाबदारी आहे, दुसरी कायद्याची सक्ति आहे. एकीनें दुसरी फिटत नाहीं.

आमच्या नोकरींतील एक प्रकरण सांगतों. एका गांवीं संपादनाची नोटीस आली ती वीस वर्षांपूर्वीं वारलेल्या इसमाच्या नांवें. चार मुलगे, दोन मुली. वारसाची नोंद कोणीं केलेली नाहीं. नोटीस कोणीं घ्यावी यावर वाद होऊन हरकतीची मुदत गेली. पुढें रक्कम जाहीर झाली ती वाद मिटेपर्यंत अनामत पडून राहिली. जमीन गेली, पैसा दिसेना, आणि भावाभावांत कोर्ट सुरू झालें. त्यांतील थोरला भाऊ दर सोमवारीं कचेरींत येऊन आमच्या टेबलासमोर उभा राही. फाइल दाखविण्यापलीकडे आमच्या हातीं कांहीं नव्हतें. वडील गेले त्याच वर्षीं एक साधा अर्ज तलाठ्याकडे गेला असता तर हें सारें टळलें असतें.

म्हणून आमची बंधूंस विनंती आहे. वारसाची नोंद वेळेवर करा; बहिणींचीं नांवें वगळूं नका, त्यांचा हक्क कायद्यानें आहे. नोटीस नाकारूं नका. ती घेऊन तारीख टिपा आणि मुदतींत लेखी हरकत देऊन पोंच घ्या. झाडें, विहीर, बांध, घर यांची मोजणी होतांना स्वतः हजर राहा व पंचनाम्याची नक्कल मागा. संमतीचा करार वाचल्यावांचून सही करूं नका. कराराने ठरलेल्या रकमेवर पुढें वाढ मागणें फार कठीण जातें. करार न होतां निवाडा झाला व रक्कम कमी वाटली, तर ती 'हक्क राखून' स्वीकारा आणि मुदतींत दाद मागा. आणि हें सारें एकट्यानें न करितां गांवानें मिळून करा.

मोठी संस्था कागद ओळखते, मुदत ओळखते आणि एकजूट ओळखते. या तीन गोष्टी हातीं असल्या तर खातेदारही तिच्या समोरच्या खुर्चीवर बसूं शकतो. नसल्या तर तो दाराबाहेर उभा राहतो. दाराबाहेर उभे राहिलेले आम्हीं फार पाहिले.