खेळ कोणता, यापेक्षा सोबत कोण?

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका रूमवर मेसचा डबा खाऊन झालेला असतो. ‘नीट’ची पुस्तके अजून उघडीच असतात. तेवढ्यात मोबाइलवर मेसेज येतो, “आलास का रे?” विचारणारा नांदेडच्या श्यामनगरात राहून क्लास करतो. तिसरा मित्र कंधार तालुक्यातल्या गावातच राहिला आहे. चौथा चाकणच्या कंपनीतून ड्युटी करून नुकताच परतला आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे चौघे गावातल्या एकाच मैदानावर क्रिकेट खेळत होते. आज त्यांचे मैदान मोबाइलवर आहे आणि खेळाचे नाव आहे बीजीएमआय.

नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांतले हे रोजचे चित्र आहे. घरातले म्हणतात, “पोरगं मोबाइलमध्ये बिघडलं.” पोरगा म्हणतो, “अर्धा तासच खेळतो.” वाद वेळेवर सुरू होतो आणि वेळेवरच संपतो. मात्र आरोग्याच्या दृष्टीने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : तू कोणाबरोबर खेळतोस?

गोडी नेमकी कशाची?

हे खेळ आले, बंद झाले आणि पुन्हा आले. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय सुरू झाला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या काळात अनेक मुले दुसऱ्या खेळांकडे वळली, पण वळताना आपली टोळी सोबत घेऊन गेली. खेळ बदलला तरी चौकडी तीच राहिली. गोडी नुसत्या खेळाची असती तर असे झाले नसते.

रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये खेळातल्या आनंदावर अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या मनाने काही करता येणे आणि आपल्याला ते जमते आहे असे वाटणे, या दोन गोष्टींतून आनंद मिळतो, असे त्यांना दिसले. अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळांत तिसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची ठरली. ती म्हणजे माणसांशी जोडले गेल्याची भावना.

हे समजायला अभ्यासाचीही गरज नाही. स्क्वॉडमध्ये चौघे असतात. एखादा खेळाडू ‘नॉक’ झाला की त्याला उठवायला दुसऱ्याला स्वतः धोक्यात जावे लागते. ओळखीचा मित्र “थांब, मी आलो” म्हणतो आणि खरोखर येतो. नेम चुकला तर तो हसतो, पण त्या हसण्यात अपमान नसतो. हरल्यावरही दहा मिनिटे गप्पा होतात : क्लासच्या टेस्टमध्ये किती मार्क पडले, घरी आजी कशी आहे, सोयाबीनला काय भाव मिळाला. गावापासून दूर, खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाला हा कट्टाच असतो. एकटेपणाच्या वयात त्याची किंमत कमी लेखू नये.

अनोळखी सोबत

मित्र नसले की खेळ स्वतःच कोणीतरी जोडून देतो. मुले त्यांना ‘रँडम’ म्हणतात. त्यांतले काही चांगलेही निघतात. परंतु ज्याला आपले नाव-गाव माहीत नाही आणि ज्याची पुन्हा कधी गाठ पडणार नाही, त्याला बोलताना धरबंद उरत नाही. एक चूक झाली की आई-बहिणीवरून शिव्या सुरू होतात. मुलीचा आवाज ऐकला की वेगळेच बोलणे सुरू होते, म्हणून अनेक मुली माईक बंद ठेवूनच खेळतात. प्रोफाइलला ‘जय भीम’ लिहिले किंवा आडनाव दिसले म्हणून जातीवरून टोमणे ऐकावे लागले, तर ती जखम खेळ संपला तरी संपत नाही. मुलगा घरी सांगत नाही. चिडचिड करतो, उशिरापर्यंत जागतो आणि पुन्हा जिंकून दाखवायला खेळत बसतो. आपल्याला दिसते ती फक्त चिडचिड.

अशा वेळी समोरच्याला म्यूट करावे, ब्लॉक करावे, खेळातच तक्रार नोंदवावी. जातीवाचक शिवीगाळ किंवा धमकी असेल तर स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग जपून ठेवावे आणि मोठ्यांना सांगावे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते. अनोळखी माणूस “पैसे लावून खेळू” म्हणाला तर तिथेच थांबावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आहे.

मित्रही अडकवतो

याचा अर्थ ओळखीची सोबत म्हणजे सगळे ठीक, असाही नाही. “शेवटची मॅच” हा शब्द अनोळखी माणसापेक्षा मित्रच जास्त वेळा उच्चारतो. तिघे थांबलेले असताना आपण उठलो तर दगा दिल्यासारखे वाटते. त्यामुळे रात्रीचा एक वाजतो आणि सकाळी सातच्या क्लासला डोळे मिटतात.

सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला तथागतांनी मित्र कसा ओळखावा हे सांगितले होते. दीघ निकायात तो उपदेश आहे. अवेळी भटकण्यात साथ देणारा मित्र खोटा, असे त्यात म्हटले आहे. आपण बेसावध असताना आपल्याला सांभाळतो तो खरा. मोबाइलवरच्या मैत्रीलाही हीच कसोटी लावावी. खेळात उठवायला येतो तो चांगला साथीदार खराच. पण “उद्या तुझी टेस्ट आहे, जा झोप” म्हणतो तो कल्याणमित्र.

घरच्यांनी काय करावे?

मोबाइल हिसकावण्याआधी शेजारी बसून एक मॅच पाहावी. मॅच मध्येच तोडायला लावू नये, कारण तिकडे तिघे अवलंबून असतात. “ही संपली की बंद” असे ठरवावे आणि ते पाळायला लावावे. चौघांनी मिळूनच वेळ ठरवली तर कोणालाच दगा दिल्यासारखे वाटत नाही. बीजीएमआयने स्वतः १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे. अभ्यास आणि झोप पाहता तेवढेही जास्तच आहे. सणावाराला मुले गावी आली की त्याच चौघांना खऱ्या मैदानावर, विहाराच्या ओट्यावर एकत्र येऊ द्यावे. ओळख समोरासमोर पक्की होत राहिली तरच ती मोबाइलवर टिकते.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आपल्या यादीत घेतला असून ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. सर्वसाधारणपणे वर्षभर असे चालले आणि त्यामुळे शिक्षण, काम, घर बिघडले तर डॉक्टर तसे निदान करतात. आपल्याला मात्र वर्षभर वाट पाहायची गरज नाही. मुलगा जुने मित्र सोडून एकटाच, कोणाशीही न बोलता रात्र-रात्र खेळू लागला, तर सोबत तुटल्याची ती पहिली खूण समजावी. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी समुपदेशकाशी बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आज रात्री मुलाच्या हातात मोबाइल दिसला तर “किती वेळ झाला?” एवढेच विचारू नका. “कोण कोण आहे रे आज?” हेही विचारा. त्याने चार नावे सांगितली आणि ती तुमच्या ओळखीची निघाली, तर अर्धी काळजी मिटेल. नावे सांगता आली नाहीत, तर बोलणे तिथूनच सुरू करा.