निवृत्तीनंतरचे काम

निवृत्तीचा दिवस जवळ आला की नोकरदाराला पगाराइतकीच हुद्द्याचीही चिंता ग्रासते. वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट गोविंद रघुनाथ दाभोलकर १९१६ साली निवृत्त झाले, तेव्हा संसार मोठा आणि निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. त्यांना दुसरी नोकरी मिळावी म्हणून एका स्नेह्याने शिर्डीत साईबाबांपाशी शब्दही टाकला. नोकरी मिळाली, पण ती अल्पकाळच टिकली. टिकले ते निराळेच. १९१० पासून शिर्डीशी जडलेल्या ऋणानुबंधातून त्यांचा ‘श्रीसाईसच्चरित’ हा ओवीबद्ध ग्रंथ सिद्ध झाला. १९२९ साली ते निवर्तले. ग्रंथ आजही घरोघरी वाचला जातो. त्याचे बीज मात्र नोकरीत असतानाच पडले होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनी आणि आज नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांनीही एवढे ध्यानी घ्यावे.