अंगठ्यात तुणतुणं, बोटांत गाणं

गिटार एकच वाजत असते, पण डोळे मिटून ऐकलं तर दोघं जण वाजवत आहेत असं वाटतं. खाली कुणीतरी ठेका धरलाय आणि वर कुणीतरी गाणं म्हणतंय. फिंगरपिकिंग म्हणतात ती ही पद्धत. प्लास्टिकची पिक बाजूला ठेवायची आणि उजव्या हाताच्या बोटांनीच तारा छेडायच्या. जाड तीन तारा अंगठ्याच्या ताब्यात, बारीक तीन तारा तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेच्या. गाणारा नको, तबलजी नको. अख्खं गाणं एका हातात मावतं.

नांदेड आणि लातूर ही आता शिकवण्यांची शहरं. होस्टेलच्या खोलीत पुस्तकांच्या थप्पीशेजारी भिंतीला टेकवलेली गिटार दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. बरीच मुलं चार कॉर्ड आणि स्ट्रमिंग यांवर थांबतात. पुढे जाणारी मुलं इंटरनेटवरून एखाद्या इंग्रजी गाण्याचा टॅब, म्हणजे कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते दाखवणारा कागद, उतरवून घेतात आणि न ऐकलेल्या सुरांशी महिनाभर झटत बसतात. माझ्या मते इथेच वाट चुकते. फिंगरपिकिंगची सुरुवात पाठ असलेल्या गाण्यानेच करावी. घरात, देवळात, जत्रेत ऐकून कानात मुरलेलं गाणं घ्यावं. हा मातीच्या प्रेमाचा मुद्दा तर आहेच, पण त्याला शास्त्राचाही भक्कम आधार आहे.

एका वाद्यातून दोन वाद्यं ऐकू येतात ती कानाच्या मागे, मेंदूत. कानावर आदळते ती हवेची एकच लाट. त्यातून कुठला सूर कुणाचा, ही वाटणी मेंदू करतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं आणि १९९० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. स्वरांच्या उंचीत पुरेसं अंतर असेल, त्यांचा पोत वेगळा असेल, तर मेंदू त्यांचे दोन प्रवाह करतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा. म्हणजे पुरी दोन सप्तकं. अंगठा खाली, बोटं वर, एवढ्यानेच मेंदूचं निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम ओळख करते. डब्ल्यू. जे. डाउलिंग यांनी १९७३ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना ठाऊक असलेल्या दोन चाली घेतल्या आणि एकीचा एक सूर, दुसरीचा एक सूर, असे आळीपाळीने गुंफून ऐकवले. दोन्ही चाली एकाच पट्टीत असल्या की ऐकणाऱ्यांना काहीच उमजेना, नुसता गोंधळ. पट्ट्या दूर नेल्या की दोन्ही चाली लख्ख वेगळ्या. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: कुठली चाल शोधायची हे आधी सांगितलं, तर पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या असतानाही लोकांना ती सापडत होती. ओळखीची चाल मेंदू गर्दीतून हुडकून काढतो. म्हणून वाजवणाऱ्याचा एखादा सूर पुसट आला, एखादा गळला, तरी ऐकणारा तो मनातल्या मनात भरून घेतो. वाजवणाऱ्याचंही तसंच. पुढचा सूर कोणता हे कानाला आधीच माहीत असतं, त्यामुळे चूक झाल्याक्षणी कळते. अनोळखी तुकड्यात चूक कळण्यासाठी डोळे टॅबवर न्यावे लागतात, आणि तोवर बोट पुढे निघून गेलेलं असतं.

आता आपल्याकडच्या वाद्याकडे वळू. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या वाघ्याच्या हातातलं तुणतुणं जवळून पाहावं. लाकडी नळकांडं, त्याच्या तळाला ताणून बसवलेलं चामडं, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि चामड्याच्या मध्यातून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. तिच्यावर गाणं वाजत नाही. एकच सूर, पण तो सूर आणि लय दोन्ही ती तार सांभाळते. गाणारा वर कितीही फिरून आला तरी उतरायची जागा ठरलेली. माहूरच्या रेणुकेच्या डोंगरापासून तुळजापूरपर्यंत गोंधळी हेच तुणतुणं संबळाच्या जोडीला घेऊन उभे राहतात.

फिंगरपिकिंगमधला अंगठा नेमकं हेच काम करतो. गिटारची पाचवी तार ११० कंपनांची. तिला षड्ज माना. मग सहावी तार आपोआप खालचा पंचम होते. डाव्या हाताचं एकही बोट न लावता अंगठ्याला सा आणि प मिळाले. आता वरच्या बाजूला पाहा. तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर सा, दुसरी तार मोकळी सोडली की रे, तिच्या दुसऱ्या पडद्यावर शुद्ध ग आणि तिसऱ्यावर म, पहिली तार मोकळी म्हणजे प. कोमल ग हवा असेल तर दुसऱ्या तारेचा पहिला पडदा. पाच सूर तीन पडद्यांत बसले. जात्यावरच्या ओव्यांच्या चाली साधारण एवढ्याच आवाक्यातल्या असतात. ओवी गाणाऱ्या बाईला दळताना दम राखायचा असतो, म्हणून चाल चार-पाच सुरांत फिरते आणि पुन:पुन्हा घरी येते. नवशिक्याला याहून योग्य चाल शोधूनही मिळायची नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत मराठवाड्यातल्या बायांच्याही आहेत आणि कित्येकींचा आवाज ध्वनिमुद्रित आहे. चाल ऐकून उतरवायला हा खजिना खुला आहे.

अंगठ्यालाच हे काम का द्यायचं, याचं उत्तर हाताच्या रचनेत आहे. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि बाकीची बोटं एकेक करून उचला. अनामिका जागची हलत नाही. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारखे निघालेले स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे शेजारची बोटं एकमेकांना ओढतात. अंगठ्याला वाकवणारा लांब स्नायू मात्र स्वतंत्र आहे. अखंड ठेका धरायला तोच लायक. अनामिका कुचकामी म्हणून तिला सोडून देणारे बरेच आहेत; ती सावकाश तयार होते, पण होते.

तार कुठे छेडायची, यालाही शास्त्र आहे. ताणलेली तार नुसती एकसंध हलत नाही. ती अर्ध्यात, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्या हिश्श्यातही एकाच वेळी थरथरते आणि या साऱ्या कंपनांच्या मिश्रणातून तिचा आवाज बनतो. थॉमस यंग यांनी १८०० च्या सुमारास दाखवलं, की ज्या बिंदूवर तार छेडली तिथे ज्या कंपनाचा स्थिर बिंदू येतो, ते कंपन उठतच नाही. तारेच्या बरोबर मध्यावर छेडलं तर सम क्रमांकाची कंपनं गायब, आवाज मऊ आणि पोकळ. घोडीजवळ, म्हणजे ब्रिजजवळ, छेडलं तर आवाज चरचरीत. तंबोरा मात्र हा नियम जुमानत नाही. त्याच्या रुंद, किंचित उतरत्या घोडीमुळे जी कंपनं उठू नयेत तीही घुमतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. गिटारची घोडी अरुंद. तिथे हा घुमारा, म्हणजे जवारी, नाही, त्यामुळे यंग यांचा नियम चोख चालतो. म्हणून अंगठ्याच्या मांसल भागाने खालचा सूर मऊ ठेवायचा आणि नखाच्या कडेने वरची चाल धारदार काढायची. ब्रेगमन ज्याला पोताचा फरक म्हणतात तो असा बोटाच्या टोकाशी तयार होतो.

सराव कसा करावा, यावर गेल्या तीस वर्षांत बरंच हाती लागलंय. १९९५ मध्ये थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी नऊ तंतुवाद्यवादकांच्या मेंदूची पाहणी केली. त्यांत एक गिटारवादकही होता. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श नोंदवणारा मेंदूतला भाग त्यांच्यात इतरांपेक्षा विस्तारलेला दिसला, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात जास्त. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक छोटा क्रम शिकवला. रात्रभर झोपून आलेल्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. तेवढेच तास जागेपणी घालवलेल्यांचा वेग जवळपास तसाच राहिला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी बारकाईने मोजलं. १० सेकंद सराव, १० सेकंद विश्रांती, अशी आवर्तनं ठेवली. सुरुवातीची प्रगती सराव चालू असताना होतच नव्हती. ती होत होती मधल्या विश्रांतीत.

परीक्षेच्या शहरात हे ठासून सांगायला हवं. अभ्यास संपवून रात्री एक वाजता गिटार घ्यायची आणि अडलेल्या ओळीवर तीन वाजेपर्यंत घासत बसायचं, यात बोटं दुखतात आणि जे शिकलं ते मुरायला लागणारी झोपही जाते. अर्धा तास पुरे. अडलेली दोन मात्रांची जागा निवडावी, चार-पाचदा सावकाश वाजवावी, हात खाली सोडून थोडं थांबावं, पुन्हा वाजवावी. मग झोपावं.

क्रमही सांगतो. आधी फक्त अंगठा. सा, प, सा, प. समोरच्याशी बोलता बोलता ठेका न तुटता चालला पाहिजे, तोपर्यंत वर चाल आणायचीच नाही. मग चालीतले फक्त ठेक्यावर पडणारे सूर अंगठ्याबरोबर चिमटीत धरल्यासारखे एकदम वाजवायचे. दोन ठोक्यांच्या मधे पडणारे सूर सर्वांत शेवटी, कारण खरी अडचण तिथेच असते. तिथे अंगठा आणि बोट यांना दोन वेगळी कामं समजू नये. दोघांचे ठोके मिळून जो एक बोल बनतो तो आधी तोंडाने म्हणावा. ढोलकी आणि संबळ वाजवणारे पिढ्यान् पिढ्या असेच बोल म्हणून शिकत आलेत, आणि ती रीत गिटारला तंतोतंत लागू पडते.

एक अडचण मात्र खरी आहे. गिटारचे पडदे पक्के बसवलेले असतात आणि सप्तकाचे बारा समान भाग करतात. वरचा सा २२० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार यायला हवा २७५ वर. पडद्यावर तो येतो सुमारे २७७ वर. खाली षड्ज घुमत असताना हा गंधार लांबवला तर त्यांची वरची कंपनं एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला साधारण नऊ वेळा आवाज हेलकावतो. पंचमाचं तसं नाही. ३३० ऐवजी ३२९.६, कानाला फरक कळणारही नाही. यातून घ्यायचा धडा असा, की सा-प अंगठ्यावर खुशाल घुमवावेत, गंधारावर मात्र रेंगाळू नये. गोंधळाच्या गाण्यातली मुरड एका पडद्यावरून दुसऱ्यावर बोट घसरवून काढावी, किंवा न छेडता डाव्या बोटाच्या ठोक्यानेच पुढचा सूर उमटवावा. हुबेहूब मींड येणार नाही, पण सुरांमधली वळणं कानाला पोचतात. अजय-अतुल यांचं ‘जोगवा’मधलं ‘लल्लाटी भंडार’ गिटारवर उतरवायला घेतलं की हे लगेच पटतं. सूर सगळे मिळतात, पण गाण्याचा जीव त्यांच्या मधल्या घसरणीत असतो.

आणि आपलं हवामान. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूरची दुपारची हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. पावसाळ्यात ती ८० च्या पुढे जाते. गिटारच्या लाकडाला ५० टक्क्यांच्या आसपासची हवा मानवते. कोरड्या हवेत लाकूड आडव्या बाजूने आकसतं: पडद्यांच्या पट्ट्यांची टोकं मानेच्या कडेला बोचू लागतात, वरचा पातळ तक्ता खचतो, कधी चीर जाते. उष्णतेने पोलादी तार लांबते, ताण सैल होतो, सूर उतरतो. मे महिन्यात गिटार पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, केसमध्ये ठेवावी. छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घालून ती केसमध्ये ठेवली की बरंच निभावतं.

नांदेड-लातूरमधल्या गिटार शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हिंदी आणि इंग्रजी गाण्यांचे टॅब हवे तेवढे मिळतात. वाघ्या-मुरळीच्या, आराध्यांच्या, गोंधळाच्या, जात्यावरच्या चालींचे टॅब शोधत फिरावं लागतं. प्रत्येकाने आपल्या भागातल्या दोन-तीन चाली माहीतगार गायकाकडून नीट ऐकून घ्याव्यात, पाचव्या तारेवर सा धरून लिहून काढाव्यात, गायकाचं आणि गावाचं नाव वर टाकावं आणि त्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात द्याव्यात. येत्या मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेपासून सुरुवात करता येईल.