डागडुजी कागदाची आणि इतिहासाची

छायाचित्रांची डागडुजी संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग झाकणारे कारागीर स्टुडिओंत पूर्वीपासून होते. १९९० साली ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि या हस्तकौशल्याची जागा हळूहळू संगणकीय उपकरणांनी घेतली. त्यांपैकी ‘क्लोन स्टॅम्प’ चित्राच्या एका भागाची हुबेहूब नक्कल उचलून दुसऱ्या भागावर बसवतो. २००२ सालच्या आवृत्तीत आलेला ‘हीलिंग ब्रश’ त्याहून चतुर आहे. तो दुसरीकडचा पोत उचलतो, पण रंग आणि उजेड डागाभोवतीच्या भागाशी जुळवून घेतो. त्यामुळे ठिगळाची शिवण दिसत नाही.

या उपकरणांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पावसाळी दमट हवेत बुरशीने खाल्लेले, घडी पडून चिरलेले आजोबांचे एकुलते एक छायाचित्र त्यांच्यामुळे पुन्हा भिंतीवर लावण्याजोगे होते. यात फसवणूक नाही. कारण घडी कागदाला पडलेली असते, आजोबांच्या कपाळाला नव्हे. परंतु त्याच ब्रशाने आजोबांच्या गालावरचे देवीचे व्रणही पुसले गेले तर? ते व्रण कागदाचे नव्हेत, माणसाचे आहेत. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. त्यापूर्वी घरोघर कोणती दहशत वावरत होती, याचा तो चेहरा साक्षीदार असतो. व्रण पुसले की चेहरा देखणा होतो आणि साक्ष मुकी होते.

कागदाचा दोष आणि घटनेचा भाग यांतील ही सीमारेषा वृत्तछायाचित्रणात अधिकच महत्त्वाची ठरते. ऑगस्ट २००६ मध्ये लेबनॉनमधील युद्धाच्या वेळी ‘रॉयटर्स’ने बैरूतवरील हल्ल्यानंतरचे एक छायाचित्र प्रसृत केले. त्यातील धुराचे लोट एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, हे चाणाक्ष वाचकांनी हेरले. मूळ धूर क्लोन करून वाढवलेला होता. आपण धुळीचे डाग काढत होतो, असे छायाचित्रकार अदनान हज यांचे म्हणणे होते. त्यांच्या आणखी एका छायाचित्रात फेरफार आढळला आणि वृत्तसंस्थेने त्यांची सर्व ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून टाकली. धुराचा एक खोटा लोट शेकडो चित्रांची पत घेऊन गेला.

खोटे भरण्याऐवजी खरे वगळले, तरी परिणाम निराळा होत नाही. सीरियातील एका लढवय्याच्या छायाचित्रातून नार्सिसो काँत्रेरास यांनी कोपऱ्यात पडलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. बातमीच्या दृष्टीने तो क्षुल्लक होता. तरीही ‘असोसिएटेड प्रेस’ने जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्याशी संबंध तोडले. ही शिक्षा कठोर वाटेल. पण क्षुल्लक काय, हे ठरवण्याचा अधिकार एकदा ब्रशाकडे गेला की तो कुठे थांबेल? मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी चालणारा निकोलाय येझोव्ह १९४० मध्ये गोळी घालून ठार करण्यात आला. पुढे त्याच छायाचित्रात त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. तेव्हा संगणक नव्हता, हेतू मात्र होता.

मुळात या उपकरणाला काहीच ठाऊक नसते. फाटलेल्या जागी कोण होते, हे ते सांगू शकत नाही. आसपासचा तुकडा आणून ती जागा भरते. म्हणून भरलेली जागा हा पुरावा नसून अंदाज असतो, आणि अंदाजाने अंदाज म्हणूनच वावरावे. रोममध्ये चेझारे ब्रांदी यांच्या प्रेरणेने जुन्या चित्रांच्या जीर्णोद्धाराची एक पद्धत रूढ झाली: गळालेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरावयाचा. दुरून चित्र सलग दिसते, जवळ गेल्यास नवे काम ओळखू येते. दुरुस्तीचा हा प्रांजळपणा संगणकावर अधिक सोपा आहे. मूळ प्रत अबाधित ठेवावी, दुरुस्ती वेगळ्या थरावर करावी आणि काय बदलले याची दोन ओळींची नोंद छायाचित्रासोबत ठेवावी.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेपासून घरच्या आल्बमपर्यंत सर्वत्र एवढी शिस्त पाळता येईल. आजच्या वर्गातील मुले उद्या याच छायाचित्रांवरून मागच्या पिढ्यांची ओळख करून घेणार आहेत. त्यांच्या हाती गुळगुळीत चेहरे द्यावयाचे की खरी माणसे, एवढाच प्रश्न आहे.