आकाशवाणी आणि दूरदर्शन : बदलते तंत्र व उत्तरदायित्वाचा प्रश्न

भारतात एके काळी रेडिओ घरी ठेवावयाचा असेल तर त्यासाठी परवाना काढावा लागत असे. दरवर्षी डाकघरात जाऊन शुल्क भरावे, परवान्याच्या पुस्तिकेत त्याची नोंद करून घ्यावी आणि ती पुस्तिका जपून ठेवावी, हा क्रम १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होता. शुल्काची रक्कम अल्प असे. परंतु तिच्यामागे एक तत्त्व होते. ज्याच्यासाठी ध्वनिक्षेपण करावयाचे तो श्रोता त्याच्या खर्चाचा काही वाटा उचलतो, हे ते तत्त्व होय. मात्र शुल्क देणाऱ्या ह्या श्रोत्याला हिशेब मागण्याचा अधिकार कधी मिळाला नाही. त्याचे पैसे सरकारकडे जमा होत आणि कार्यक्रम कोणते ऐकवावयाचे हे सरकारचे खाते ठरवीत असे.

भारतातील सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. यंत्रे बदलत गेली, समित्या नेमल्या गेल्या, अखेर कायदाही झाला. परंतु ध्वनिक्षेपण करणाऱ्या संस्थेने उत्तर कोणाला द्यावयाचे, ह्या प्रश्नाचा निर्णय प्रत्येक वेळी इतक्या विलंबाने झाला की तोवर नव्या यंत्राने प्रश्नाचे स्वरूपच पालटलेले असे.

एकाधिकाराचा उगम

बिनतारी संदेशवहनावर सरकारचा अनन्य अधिकार १८८५ च्या तार अधिनियमावर आधारलेला होता. ह्या अधिकाराखाली परवाना मिळवून ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ ह्या खाजगी संस्थेने २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू केले आणि पुढील महिन्यात कलकत्त्याचे. श्रोत्यांची संख्या काही हजारांपलीकडे जाईना, वार्षिक दहा रुपयांच्या शुल्कातून खर्च भागेना, आणि १९३० साली कंपनीचा कारभार आटोपला. तेव्हा सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली. १९३५ साली बी.बी.सी.मधून आलेले लायनेल फील्डन हे ध्वनिक्षेपणाचे पहिले नियंत्रक झाले आणि १९३६ च्या जूनमध्ये ह्या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारताच्या वाट्यास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली अशी अवघी सहा केंद्रे आली.

ह्या एकाधिकारास त्या काळी तांत्रिक आधारही होता. मध्यम लहरींचे संदेश दिवसा जमिनीलगत प्रवास करतात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. एकाच कंपनसंख्येवर दोन प्रक्षेपक चालविल्यास दोन्हींचा आवाज एकमेकांत मिसळतो. उपलब्ध कंपनसंख्या मोजक्याच असल्यामुळे त्यांचे वाटप कोणीतरी करणे भाग होते. वाटप करणारा आणि वापरणारा हे दोघे एकच असावेत, असे मात्र भौतिकशास्त्र सांगत नाही. तो राज्यकर्त्यांचा निर्णय होता. परकीय सत्तेने घेतलेला हा निर्णय स्वतंत्र भारताच्या सरकारनेही कायम ठेवला.

श्रोत्याची दोन उत्तरे

१९५० च्या दशकात श्रोत्याने आपले मत दोन भिन्न मार्गांनी व्यक्त केले. त्या काळी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीने आश्रय द्यावा असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या धोरणाने अनेक कलावंतांना आधार दिला हे मान्यच केले पाहिजे. परंतु चित्रपटसंगीतास त्यांनी दूर ठेवले. १९५२ पासून ते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले, तेव्हा श्रोत्यांनी तक्रार करीत बसण्याऐवजी रेडिओची कळ फिरविली आणि लघुलहरींवर ‘रेडिओ सिलोन’ लावले. समुद्रापलीकडून येणाऱ्या लहरींना देशातील धोरणाचे बंधन नव्हते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीस हलके संगीत पुन्हा जवळ करावे लागले. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे त्याच सेवेवर जाहिरातीही सुरू झाल्या.

दुसरे उत्तर पुणे केंद्राच्या परिसरात मिळाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेती, आरोग्य, ग्रामपंचायत अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकावयाचे, त्यावर चर्चा करावयाची आणि आपल्या शंका व मते केंद्राकडे लिहून पाठवावयाची, अशी ही योजना होती. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे हा प्रयोग चालला. त्याची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने करण्यात आली आणि निष्कर्ष उत्साहवर्धक ठरले. १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यात आली. परंतु मूळ प्रयोगातील आस्था विस्तारात टिकली नाही आणि मंडळे हळूहळू विरत गेली. तरीही ह्या प्रयोगाचे महत्त्व कमी होत नाही. ध्वनिक्षेपण हे एकाच दिशेने वाहणारे साधन असले तरी उलट दिशेची वाट बांधता येते, आणि त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नसते, हे त्याने दाखवून दिले.

उपग्रह आणि आणीबाणी

ध्वनिक्षेपण शासकीय खात्याकडून काढून स्वायत्त निगमाकडे द्यावे, आणि नभोवाणी व दूरचित्रवाणी यांसाठी स्वतंत्र निगम असावेत, अशी शिफारस अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ सालीच केली होती. तेव्हा दूरचित्रवाणी केवळ दिल्लीपुरती होती. तेथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी तिचा प्रायोगिक प्रारंभ झाला होता. मुंबईचे केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. स्वायत्ततेची शिफारस सरकारने स्वीकारली नाही. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे करण्यात आले, परंतु दोन्ही संस्था मंत्रालयाच्याच अधीन राहिल्या.

१९७५ हे वर्ष ह्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. जूनमध्ये आणीबाणी घोषित झाली आणि १ ऑगस्टपासून उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा, ‘साइट’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेला प्रयोग सुरू झाला. अमेरिकेने वर्षभरासाठी दिलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून बनविलेली डिश अँटेना गावातील सार्वजनिक संचास जोडलेली असे. कार्यक्रमांचा लोकांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी काही संशोधक त्या खेड्यांत राहिले होते. एकीकडे विज्ञान खेड्यातील माणसाचे मत जाणून घेण्याची धडपड करीत होते, आणि दुसरीकडे आकाशवाणीची वार्तापत्रे केवळ शासनाची बाजू ऐकवीत होती. एकाच देशातील एकाच माध्यमाची ही दोन रूपे होती. ती परस्परविरोधी असली तरी दोहोंचा निर्णय एकाच ठिकाणी होत होता.

आणीबाणीनंतर जनता पक्षाच्या सरकारने १९७७ साली प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगाविषयी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली आणि बी. जी. व्हर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. १९७८ च्या फेब्रुवारीत सादर झालेल्या त्याच्या अहवालाने ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय न्यास सुचविला. ह्या न्यासाच्या स्वातंत्र्यास संविधानाचे संरक्षण असावे आणि नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी वेगळी व्यवस्था असावी, असे त्यात म्हटले होते. १९७९ साली मांडलेल्या विधेयकात ह्या सूचना बऱ्याच सौम्य झाल्या, आणि लोकसभा विसर्जित होताच ते विधेयकही लोपले.

पुढील दशकात यंत्रांनी पुन्हा आघाडी घेतली. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्रे सुरू झाली. त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धा देशभर दिसल्या, आणि १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडण्यात आल्यानंतर लहान प्रक्षेपकांचे जाळे अतिशय वेगाने पसरले. उपग्रहामुळे दूरची गावे जोडली गेली. परंतु त्याच उपग्रहामुळे एका शहरातील एका कक्षात ठरलेला कार्यक्रम संपूर्ण देशावर उतरू लागला आणि प्रादेशिक केंद्रांच्या वाट्यास उरलेला वेळ आला. डॉ. पी. सी. जोशी यांच्या समितीने दूरचित्रवाणीस भारतीय व्यक्तिमत्त्व लाभावे असा आग्रह ह्याच काळात धरला होता.

कायदा आणि आकाश

राष्ट्रपतींची संमती मिळून १२ सप्टेंबर १९९० रोजी प्रसार भारती अधिनियम झाला. लोकांना माहिती देणे, शिक्षण देणे व त्यांचे रंजन करणे ह्यांसाठी सार्वजनिक सेवा चालविणे, हे निगमाचे मुख्य कर्तव्य त्यात सांगितले आहे. मात्र कायदा अंमलात येण्यास सात वर्षे लागली. त्या अवधीत आखाती युद्धाची दृश्ये परदेशी वाहिनीवरून भारतातील काही घरांत पोहोचली. १९९१ साली स्टार आणि १९९२ साली झी ह्या वाहिन्या आल्या. गल्लीगल्लीतून केबलच्या तारा लटकू लागल्या. आता एकाधिकार कायद्याच्या पुस्तकात होता, आकाशात नव्हता.

ह्या परिस्थितीत ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. निमित्त क्रिकेटच्या सामन्यांचे होते. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क दूरदर्शनबाहेर देण्यावरून वाद निर्माण झाला होता. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा उपयोग लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे आणि तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने केले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. एकट्या सरकारचा अथवा एकट्या धनिकाचा, असा कोणाचाच ताबा ह्या तत्त्वात बसत नव्हता.

१५ सप्टेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अधिनियम अंमलात आला. त्यात संसदेच्या बावीस सदस्यांची समिती आणि नागरिकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद अशा उत्तरदायित्वाच्या दोन व्यवस्था लिहिलेल्या होत्या. सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१४ साली अहवाल दिला तोपर्यंत ह्या व्यवस्था प्रत्यक्षात आलेल्या नव्हत्या. आर्थिक बाबतीतही निगमाची मदार सरकारी अनुदानावर राहिली. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत आलेले कर्मचारी कायद्याने केंद्र सरकारच्या सेवेतील प्रतिनियुक्त मानले गेले. ज्याच्याकडून वेतन येते त्याच्यापासून अंतर राखणे कोणत्याही संस्थेस कठीण असते. मग कायद्यातील शब्द कितीही उदात्त असोत.

नवी यंत्रे, जुना प्रश्न

एकविसाव्या शतकात बदलाची गती आणखी वाढली. २००४ च्या डिसेंबरमध्ये दूरदर्शनने मासिक शुल्काशिवाय चालणारी थेट घरी पोहोचणारी सेवा सुरू केली. तीच आज ‘डीडी फ्री डिश’ ह्या नावाने ओळखली जाते. गरीब कुटुंबांत ती अत्यंत लोकप्रिय झाली. तथापि तिच्यावरील बऱ्याच जागा लिलावाने खाजगी वाहिन्यांना दिल्या जातात, म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या ह्या यशाचा मोठा भाग इतरांचे कार्यक्रम पोहोचविण्याचा आहे. जमिनीवरील जुने दूरचित्रवाणी प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतांश बंद करण्यात आले. आकाशवाणीने मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक अंकीय पद्धतीचे केले, परंतु ते ऐकण्यास लागणारे संच सामान्य घरांत क्वचितच आढळतात. प्रक्षेपक बदलला, श्रोत्याचा संच बदलला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ ही इंटरनेटवरील सेवाही सुरू झाली.

हे सर्व प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु यंत्र विकत घेता येते. विश्वास मात्र संपादन करावा लागतो. खाजगी वाहिन्या विपुल असताना सार्वजनिक संस्था कशासाठी हवी, ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडून जाहिरातदारास लाभ नाही अशा श्रोत्यांकडे पाहिले असता मिळते. वादळाची सूचना ऐकणारा मच्छीमार, संथाळीसारख्या भाषेत वार्तापत्र ऐकणारा आदिवासी, शिष्यवर्गाबाहेर ज्याचे गाणे अन्यथा पोहोचणार नाही असा कलावंत, ह्या सर्वांना बाजारात स्थान नाही. आकाशवाणीच्या माहितीनुसार तिचे कार्यक्रम २३ भाषांत व १७९ बोलींत होतात. ही व्याप्ती नफ्याच्या हिशेबाने कोणीही सांभाळणार नाही.

अशा संस्थेस सरकारने पैसा दिला पाहिजे, परंतु तो एका वर्षाच्या मर्जीवर न ठेवता संसदेने अनेक वर्षांसाठी निश्चित केला पाहिजे. तक्रारी ऐकणारी परिषद कायद्यात लिहून थांबण्याऐवजी प्रत्यक्ष बसली पाहिजे, आणि तिचे निर्णय त्याच लहरींवरून ऐकविले गेले पाहिजेत. पुण्याच्या परिसरातील दीडशे खेड्यांनी १९५६ साली आपली मते कागदावर लिहून केंद्राकडे पाठविली होती. आज तेच काम एखाद्या शेतकऱ्यास हातातील दूरध्वनीवरून क्षणार्धात करता येते. त्याचा संदेश वाचून त्यास उत्तर देण्याचे बंधन संस्थेवर आहे की नाही, एवढेच ठरावयाचे राहिले आहे.